सावत्र नात्याची भाषा आणि कौटुंबिक मानसोपचार

१

घटस्फोटानंतर किंवा जोडीदाराच्या निधनानंतर एखादी व्यक्ती पुन्हा विवाह करते आणि आपल्या अपत्यासह नवा संसार मांडते, तेव्हा त्या घरात पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. मुलाने या नव्या माणसाला काय म्हणावयाचे? प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. वडीलधारी माणसे तो बहुधा एका वाक्यात निकालात काढतात : ‘ही आता तुझी आई.’ मूल गप्प राहते. आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ पुढे अनेक वर्षे लावला जातो.

या प्रश्नाला समाजशास्त्रीय विचारात मानाचे स्थान मिळवून दिले ते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांनी. पुनर्विवाह ही एक अपूर्ण संस्था आहे, असा सिद्धान्त त्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. प्रथम विवाहातून निर्माण होणाऱ्या कुटुंबात कोणी कोणाशी कसे वागावे, याचे संकेत रूढीने, कायद्याने व भाषेने आधीच घालून दिलेले असतात. पुनर्विवाहाने निर्माण झालेल्या कुटुंबास असे तयार संकेत लाभत नाहीत. प्रत्येक गोष्ट त्याला नव्याने ठरवावी लागते, आणि या ठरविण्यातच त्याची शक्ती खर्च होते. चर्लिन यांच्या पुराव्यात भाषेला महत्त्वाचे स्थान आहे. आईच्या नव्या पतीला मुलाने कोणत्या शब्दाने हाक मारावी याचे उत्तर भाषेत नाही, आणि हा अभाव संस्थेच्या अपूर्णतेचे लक्षण होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

त्यानंतर या कुटुंबांसाठी मानसोपचाराचे एक स्वतंत्र शास्त्र पाश्चात्त्य देशांत उभे राहिले. एमिली व जॉन व्हिशर या दांपत्याचा मार्गदर्शक ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. पॅट्रिशिया पेपरनाउ यांचे दोन महत्त्वाचे ग्रंथ १९९३ व २०१३ या वर्षी आले. प्रस्तुत लेखात या विचारपरंपरेची चिकित्सा भाषाभ्यासाच्या दृष्टीने करावयाची आहे. तिचे बहुतेक व्यावहारिक निष्कर्ष मला ग्राह्य वाटतात. तथापि भाषेविषयीचे तिचे गृहीतक अपुरे आहे, आणि ते जसेच्या तसे मराठी घरात आणल्यास उपचाराचा उपयोग होण्याऐवजी अपाय होण्याचा संभव आहे, असे माझे मत आहे.

२

प्रथम या उपचारविचाराचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्याचा मूलभूत निष्कर्ष असा की पुनर्विवाहोत्तर कुटुंब ही प्रथम विवाहाच्या कुटुंबाची दुसरी आवृत्ती नव्हे. त्याची रचनाच निराळी असते. सामान्य कुटुंबात पती-पत्नीचे नाते आधी आणि अपत्य नंतर, असा क्रम असतो. येथे पालक व मूल यांचे नाते विवाहाहून जुने असते. त्यामुळे नवा पालक आपल्याच घरात काही काळ बाहेरचा राहतो, आणि मूळ पालक दोन्ही बाजूंनी ओढला जातो. पेपरनाउ यांचा आग्रह असा की ही ‘आतले’ व ‘बाहेरचे’ अशी विभागणी कोणाच्या दुष्ट स्वभावातून आलेली नसून रचनेतून आलेली आहे. दोष माणसाचा नसून जागेचा आहे, एवढे जरी उपचारकाने दांपत्यास समजावून दिले, तरी परस्परांवरील आरोपांची धार पुष्कळच बोथट होते.

दुसरा निष्कर्ष मुलाच्या निष्ठेविषयी आहे. नव्या आईवर प्रेम करणे म्हणजे पहिल्या आईशी द्रोह करणे, अशी भावना मुलाच्या मनात असते. नवी आई वाईट असेल तर हा पेच सुटा असतो. ती चांगली असेल तरच तो अधिक घट्ट होतो. प्रेमळ वागणुकीला मूल कधीकधी अधिक तुटकपणे प्रतिसाद देते, त्याचे कारण हे आहे. पहिल्या आईची जागा कोणी घेत नाही, तिच्यासाठीची जागा तशीच राहील, हे मुलाला मोठ्यांच्या तोंडून ऐकावयास मिळणे हा यावरचा उपाय.

तिसरा निष्कर्ष शिस्तीविषयी. आरंभीच्या काळात शिस्तीचा अधिकार मूळ पालकाकडेच असावा. नव्या पालकाने आधी ओळख, मग स्नेह, आणि दीर्घकाळानंतर झेपेल तेवढा अधिकार, अशा क्रमाने जावे. नवे वडील घरात येताच अभ्यास, जेवण व झोपण्याच्या वेळा यांचे नियम घालू लागले की बहुधा बिघाड होतो. चौथा निष्कर्ष काळासंबंधी आहे. अशा कुटुंबाची घडी बसावयास महिने नव्हे, वर्षे लागतात. पेपरनाउ यांच्या मते जी कुटुंबे लवकर स्थिरावतात त्यांनाही सुमारे ४ वर्षे लागतात. अनेकांना ७ किंवा अधिक. ‘दोन वर्षे झाली, तरी अजून हे असेच’ म्हणून निराश झालेल्या दांपत्याला ही माहिती स्वतःच औषधासारखी आहे.

पाचवा निष्कर्ष उपचाराच्या पद्धतीविषयी असून तो विशेष महत्त्वाचा आहे. सामान्य कौटुंबिक मानसोपचारात संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसविण्याची प्रथा आहे. पुनर्विवाहोत्तर कुटुंबात आरंभीच तसे केल्यास हानी होते. मूल सर्वांसमक्ष ‘मला ही नको’ असे म्हणते. ते ऐकून नवी आई दुखावते, आणि वडील कोणाची बाजू घ्यावी या विवंचनेत सापडतात. म्हणून आधी दांपत्य, मग मूळ पालक व मूल, त्यानंतर नवा पालक व मूल, अशा लहान लहान जोड्यांशी निरनिराळे बोलावे, आणि सर्वांना एकत्र आणण्याची घाई करू नये.

हे सर्व अनुभवसिद्ध व शहाणपणाचे आहे. उणीव दिसते ती याच्या पुढच्या टप्प्यावर.

३

चर्लिन यांच्या युक्तिवादात शब्दाचा अभाव हीच अडचण मानली आहे. शब्द नाही म्हणून भूमिका नाही, आणि भूमिका नाही म्हणून गोंधळ, अशी ही साखळी आहे. मराठीचा विचार करताच ती तुटते. मराठीत शब्दांची वाण नाही. सावत्र आई, सावत्र बाप, सावत्र भाऊ, सावत्र मुलगी, अशी संपूर्ण परिभाषा तिच्याजवळ आहे. आपली अडचण शब्दाच्या अभावाची नसून शब्दात साचलेल्या अर्थाची आहे.

‘सावत्र’ हा शब्द ‘सवत’ या शब्दाच्या कुळातील आहे, आणि ‘सवत’ संस्कृत ‘सपत्नी’पासून आलेला. सपत्नी म्हणजे जिचा पती समान आहे अशी स्त्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सवतीला दूर करण्यासाठी म्हटलेले एक सूक्त आहे. वेदभाषेत ‘सपत्न’ हा पुल्लिंगी शब्द प्रतिस्पर्धी किंवा शत्रू या अर्थाने येतो. सारांश, आपल्याकडील सावत्र नात्याचे नाव बहुपत्नीक घरातील स्पर्धेवरून पडलेले आहे. इंग्रजीतील ‘स्टेप’ या उपपदाची कथा निराळी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा संबंध वियोगाशी, पोरके होण्याशी होता. ‘स्टेपचाइल्ड’ म्हणजे मुळात पोरके मूल. एका भाषेने या नात्याकडे मुलाच्या दुःखाच्या बाजूने पाहिले, तर दुसरीने दोन स्त्रियांच्या वैराच्या बाजूने.

‘सावत्र बाप’ या प्रयोगाचा विचार केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. विधवेच्या किंवा घटस्फोटितेच्या दुसऱ्या पतीचा सवतीशी काहीही संबंध नसतो. तरीही तोच शब्द त्याला लावला जातो. म्हणजे शब्दाचा मूळ रचनार्थ झिजून गेला. परंतु त्याचा भाव झिजला नाही. आजही एखाद्या प्रदेशावर निधीवाटपात अन्याय झाला, अशी तक्रार करावयाची असली की ‘सापत्नभावाची वागणूक’ हाच शब्दप्रयोग लेखणीत येतो. तेथे आई नाही, मूल नाही, सवत नाही. उरला आहे तो केवळ पक्षपात. बहुपत्नीत्वास मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आणि देशभरच्या हिंदूंपुरते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बंदी झाली. संस्था गेली, तिचा शब्द मात्र पुनर्विवाहाच्या घरात राहावयास आला.

वाङ्मयाने या भावाला खतपाणी घातले, हे उघड आहे. ध्रुवाच्या आख्यानातील सुरुची आणि रामकथेतील कैकेयी या दोघीही सवती आहेत, पहिलीच्या पश्चात आलेल्या स्त्रिया नव्हेत. तथापि लोकमानसात त्या सावत्र आईच्याच प्रतिमा झाल्या. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा छळ करणारी राणी तिची सख्खी आई होती; १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. मातृत्वाची प्रतिमा निष्कलंक ठेवण्यासाठी क्रौर्य सावत्र आईच्या खाती जमा करण्यात आले. आपल्या वाङ्मयानेही ‘आई’ या शब्दाला पावित्र्याचे जे स्थान दिले, त्याची दुसरी बाजू हीच नाही काय, हा विचार केला पाहिजे.

शब्द नको असेल तर नवा शब्द घडवावा, असा मोह येथे होतो. अमेरिकेत ‘ब्लेंडेड फॅमिली’ हा प्रयोग रूढ झाला, आणि ‘संमिश्र कुटुंब’ असे त्याचे भाषांतर आपल्याकडेही करता येईल. मला ते दोन कारणांनी अनिष्ट वाटते. एक तर मराठीत ‘मिश्र विवाह’ म्हणजे आंतरजातीय विवाह. तेव्हा ‘मिश्र’ वा ‘संमिश्र’ कुटुंब म्हटल्याने वाचकाचा गैरसमज होईल. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मिश्रण या रूपकात असे आश्वासन आहे की घटक एकमेकांत विरघळतील आणि पूर्वीचे वेगळेपण उरणार नाही. उपचारशास्त्र नेमके याच्या विरुद्ध सांगते : वेगळेपणाची मान्यता हाच ऐक्याचा पाया. या क्षेत्रातील अनेक जाणकारांनी हे विशेषण म्हणूनच नाकारले आहे. शास्त्रीय लेखनासाठी ‘पुनर्विवाहोत्तर कुटुंब’ ही संज्ञा पुरेशी आहे. घरात तर कोणत्याच विशेषणाची गरज नाही. तेथे गरज आहे ती हाकेची.

४

येथे एक भेद करणे अवश्य आहे, आणि चर्लिन यांच्या विवेचनात तो पुरेसा स्पष्ट नाही. नात्याचा निर्देश करणारा शब्द वेगळा व त्या माणसाला संबोधण्याचा शब्द वेगळा. ‘या माझ्या सावत्र आई’ हा निर्देश झाला. ‘अहो मावशी’ हे संबोधन. निर्देश तिसऱ्यासमोर होतो, संबोधन घरात, दिवसातून अनेक वेळा. कुटुंब घडते ते संबोधनाने.

इंग्रजीतील उपचारग्रंथांत यावर सोपा उपाय आढळतो : मुलाला सक्ती करू नये, वाटल्यास त्याने नव्या पालकाला नावाने हाक मारावी. सक्ती न करण्याचे तत्त्व निःसंशय योग्य आहे. परंतु नुसत्या नावाने हाक मारण्याची वाट मराठी मुलाला बंद आहे. वडीलधाऱ्या माणसाला एकेरी नावाने बोलाविणे हा आपल्याकडे उद्धटपणा ठरतो. म्हणजे हा उपाय मराठीत शब्दशः आणला, तर मुलापुढे दोनच मार्ग राहतात : ‘आई’ म्हणणे, किंवा काहीच न म्हणणे. अनेक मुले दुसरा मार्ग पत्करतात. ती हाक न मारता समोर जाऊन उभी राहतात, किंवा ‘ऐकलं का’ एवढ्यावर भागवितात. घरातील मोठी माणसे त्याला हट्ट समजतात; वस्तुतः ती भाषिक कोंडी असते.

मराठीच्या कौटुंबिक व्यवहारातच या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट आहे. एकत्र कुटुंबातील अनेक मुले आपल्या सख्ख्या आईला ‘वहिनी’, ‘काकू’, ‘माई’ किंवा ‘अक्का’ म्हणत, आणि वडिलांना ‘दादा’, ‘भाऊ’, ‘नाना’, ‘अण्णा’ म्हणत. घरातील इतर माणसे ज्या शब्दाने हाक मारीत, तोच मूल उचलीत असे. कोणालाही त्यात उणेपणा वाटत नसे. आईला ‘वहिनी’ म्हणणारा मुलगा तिला आई मानीत नव्हता, असे कोण म्हणेल? तात्पर्य, मराठीत संबोधन व नाते यांची गाठ कधीच इतकी घट्ट नव्हती की ‘आई’ हा शब्द उच्चारल्यावाचून मातृत्व सिद्ध होऊ नये. पहिल्या पत्नीच्या बहिणीशी विवाह झाल्यास मुले तिला ‘मावशी’च म्हणत राहत. ही जुनी लवचीकता आजच्या लहान कुटुंबात लोप पावत आहे. ‘आई-बाबा’ ही एकच जोडी प्रमाण मानली जाऊ लागल्याने नव्या पालकाला उभे राहावयास जागाच उरलेली नाही.

म्हणून मराठीत काम करणाऱ्या उपचारकाने पर्याय विचारताना ‘आई म्हणशील की नाही?’ असा प्रश्न करू नये. ‘माई’, ‘ताई’, ‘मावशी’, ‘काका’, ‘अण्णा’ असे शब्द घरासमोर ठेवावेत, आणि पहिल्या आईला किंवा वडिलांना वापरलेला शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवावा. ‘आई’ हा शब्द मराठीत विस्तार पावू शकतो, याबद्दल शंका नाही. आपण देवीला आई म्हणतो, ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो. परंतु तो विस्तार भक्तीने होतो, आज्ञेने नव्हे. काही वर्षांनी मुलाने आपण होऊन तो शब्द दिला, तर त्याचे मोल निराळे.

सर्वनामाचा प्रश्न याला जोडूनच आहे. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या वापरात सत्ता व जवळीक ही दोन तत्त्वे कशी कार्य करतात, ते दाखविले. मराठीत आईला ‘तू’ म्हणणे हा सर्वसाधारण संकेत आहे. वडिलांच्या बाबतीत घराप्रमाणे व पिढीप्रमाणे ‘तुम्ही’ अथवा ‘तू’ दोन्ही चालतात. परिणामी सावत्र वडिलांना ‘तुम्ही’ म्हटल्याने काही वेगळे सूचित होत नाही. सावत्र आईला ‘तुम्ही’ म्हणताच मात्र अंतर जाहीर होते. सावत्र आईची भूमिका सावत्र वडिलांच्या भूमिकेहून कठीण ठरते, असे पाश्चात्त्य अभ्यासांत वारंवार आढळले आहे. मराठीत या कठीणपणात व्याकरणही भर घालते, असे म्हणावयास हरकत नाही. उपचारकाने नव्या आईला हे समजावून द्यावे. ‘तुम्ही’ हा तिचा अपमान नसून मुलाने आखलेली एक सीमा आहे. ती सक्तीने पुसता येत नाही. पुष्कळदा आजारपणात किंवा परीक्षेच्या रात्री नकळत ‘तू’ तोंडातून निघून जाते. तेव्हा त्याची वाच्यता न करणे, हेच शहाणपणाचे.

५

आणखी दोन बाबतींत पाश्चात्त्य आराखडा आपल्याला अपुरा पडतो.

पहिली बाब मुलाच्या पूर्ण नावाची. आपल्या पद्धतीत मुलाच्या नावानंतर वडिलांचे नाव येते आणि मग आडनाव. आईने पुनर्विवाह केला आणि तिचे आडनाव बदलले, की शाळेच्या हजेरीत रोज मुलाच्या घराची कथा वाचली जाते. यातून मार्ग म्हणून नाव बदलण्याची घाई केली जाते. परंतु मुलाच्या दृष्टीने नावातील वडिलांचे नाव हा दिवंगत किंवा दुरावलेल्या पित्याचा शेवटचा अवशेष असू शकतो. कायदाही येथे एका बाजूचा नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालकांविषयीच्या कलमापुरते ‘पिता’ व ‘माता’ या शब्दांतून सावत्र पिता व सावत्र माता वगळले आहेत. त्याच वर्षीच्या दत्तक व निर्वाह कायद्यात मात्र निर्वाहासाठी निरपत्य सावत्र आईचा ‘माता-पिता’ या संज्ञेत समावेश आहे. स्त्रीच्या वारसाविषयीच्या कलमातील ‘पुत्र’ या शब्दात सावत्र पुत्र येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. दत्तकाला विधी आहे, लेख आहे, निश्चित हक्क आहेत. सावत्र नात्याला यांपैकी काहीच एकसंधपणे नाही. अपूर्ण संस्थेचा चर्लिन यांचा सिद्धान्त भाषेत नव्हे, तरी आपल्या कायद्यात खरा ठरतो. सावत्र पालकाकडून दत्तकग्रहणाची वाट अलीकडच्या नियमांनी खुली केली आहे. तथापि ती आरंभीची पायरी नसून झालाच तर शेवटची पायरी आहे, हे उपचारकाने सांगितले पाहिजे.

दुसरी बाब आजोळाची. पेपरनाउ यांनी घराबाहेरील दुसऱ्या पालकाला कुटुंबाचाच भाग मानावे असे म्हटले आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः घटस्फोटित पालक आहे. आपल्याकडे पहिली आई हयात नसेल, तर तिची जागा आजोळ घेते. आजीच्या भिंतीवर लेकीचा हार घातलेला फोटो असतो. नातवंड सुटीत तेथे जाते, आणि परत येताना काही प्रश्न बरोबर आणते. नव्या संसारात आजोळाचे जाणे-येणे कमी करावे, अशी प्रवृत्ती असते. उपचारविचाराचे तत्त्व नीट लावल्यास निष्कर्ष उलट निघतो : आजोळाशी संबंध जितका निर्वेध, तितका मुलाचा निष्ठेचा पेच सैल. एखाद्या आजीने ‘तिला माई म्हण, मला आवडेल’ असे म्हटले, तर उपचारकाच्या अनेक बैठकींचे काम होते. म्हणून जोड्यांशी निरनिराळे बोलण्याची जी पद्धत सांगितली, तीत मराठी घरापुरती आणखी एक जोडी घातली पाहिजे : आजी आणि नवी आई.

येथे गुजरातीतील एका शब्दाचे स्मरण होते. आईचे बोट धरून तिच्या दुसऱ्या घरी आलेल्या मुलाला गुजरातीत ‘आंगळियात’ म्हणतात. जोसेफ मॅकवान यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीला हेच नाव दिले, आणि तिला १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या शब्दातही समाजाने कमीपणा भरलेला आहे, हे खरे. परंतु त्याच्या मुळाशी वैर नाही. एक बोट आणि ते धरणारा एक लहान हात आहे. नाव ठेवणाऱ्याने कोठे उभे राहून पाहिले, यावर नात्याचे चित्र किती बदलते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

६

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. पुनर्विवाहोत्तर कुटुंबाच्या मानसोपचाराने रचना, निष्ठा, शिस्त व काळ यांविषयी जे सांगितले, ते स्वीकारार्ह आहे. भाषेला मात्र त्याने अभावाचा प्रश्न मानले. मराठीत तो साचलेल्या अर्थाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर नवी संज्ञा घडविण्यात नसून संबोधनाच्या जुन्या संपत्तीचा नव्याने उपयोग करण्यात आहे.

संबोधने व सर्वनामे यांविषयी वर केलेली विधाने अनुमानाच्या स्वरूपाची आहेत, याची मला जाणीव आहे. त्यांची कसोटी प्रत्यक्ष घरांतील भाषेच्या नोंदींनीच लागेल. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतीय आप्तसंघटनेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा नातेवाचक शब्दांना त्यात पुराव्याचे स्थान दिले होते. पुनर्विवाहाच्या घरांत आज मुले कोणाला काय म्हणतात, केव्हा म्हणतात आणि केव्हा गप्प राहतात, याची नोंद करण्याचे काम भाषेच्या व मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घेण्यासारखे आहे. अशा संकलनात गप्प राहण्याचीही नोंद व्हावी. उपचारकाकडे येणाऱ्या मुलाची अडचण बहुधा तेथेच सुरू झालेली असते.